बाहेरचा माणूस, म्हणे!

दर चार वर्षांनी तेच. अमेरिकेत निवडणूक लागली की नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे ओरपत आमचा दोस्त सुरू होतो, "या खेपेला वॉशिंग्टनच्या राजकारणाबाहेरचा माणूस येऊ दे बे, सगळं साफ होते पाय!"

काहून होईल बे? १९९२ला उद्योगपती रॉस पेरो अपक्ष उभे होते. जवळपास १९ टक्के मतं घेतली आणि राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्यांची इलेक्टोरल मतं किती? शून्य. बरं, निवडून आला तरी काय? १९७६ला जिमी कार्टर वॉशिंग्टनबाहेरचे म्हणूनच जिंकले. काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन्ही सभागृहं त्यांच्याच पक्षाकडे, तरी तिच्याशी पटेना. २०१६ला ट्रम्प वॉशिंग्टनची दलदल, म्हणजे तिथला भ्रष्ट कारभार, उपसायला निघाले आणि अर्थखातं दिलं कोणाला? गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेच्या जुन्या माणसाला! कायदा काँग्रेस करते, तिजोरीची किल्लीही तिच्याकडेच. एकटा माणूस येऊन काय, जादूची कांडी फिरवणार?

हे सांगितलं की म्हणतो, "तू लय निगेटिव्ह आहेस." (तर्री मात्र माझ्याच पैशाची.) आणि १९ एप्रिल २०२४ला नागपुरात लोकसभेचं मतदान होतं, तेव्हा हा कूलरपुढे लोळत होता. ऊन लय होतं म्हणे!