हात उशिरा हलला म्हणजे डोकं मंद झालं का?

सत्तरीच्या माणसाला 'तुमचे रिफ्लेक्स गेले आता' असं तोंडावर ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. एक तर ते रिफ्लेक्स नव्हेतच. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो, तो रिफ्लेक्स. त्यात मेंदूला विचारायची गरज पडत नाही. आपण बोलतो ते प्रतिक्रियेच्या वेळाबद्दल: दिसलं, कळलं, हात हलला.

रविवारी घरात पट्टीचा खेळ मांडला. एकाने पट्टी सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंमीवर पकडली तर साधारण ०.२ सेकंद. भाचा १९वर, आई २८वर. सगळे हसले. हिशेब केला तर फरक ०.०४ सेकंदाचा, पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! आणि माझे स्वतःचेच आकडे १७ ते ३१ असे नाचत होते. मग मी तरुण की म्हातारा?

वयाचा परिणाम खोटा नाही. विशीत वेग सर्वांत चांगला असतो, पुढे हळूहळू उतरतो. पण खरा फरक पडतो तो निवड करायची असली की. लाल दिवा लागला तर डावं बटण, हिरवा लागला तर उजवं, अशा चाचणीत वयस्कर माणसं जास्त मागे पडतात. त्यातला काही वेळ तर चूक होऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम घेतलेला असतो. याला मंदपणा म्हणायचं?

बाई-पुरुष वादात मला रस नाही. सरासरीत पुरुष किंचित पुढे असतात, पण समोरची एखादी बाई एखाद्या पुरुषाच्या पुढे की मागे, हे त्यावरून सांगता येत नाही. वजनाचं म्हणाल तर बोटाने बटण दाबायला पोट आड येत नाही. खुर्चीतून उठून धावायचं असेल तर येईल, पण तो हालचालीचा वेळ झाला. आमचे जाडजूड भावजी १८वर होते, भाच्याच्याही पुढे.

१७९६ साली इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेत तिथले प्रमुख खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या मदतनिसाला काढून टाकलं. ताऱ्यांच्या वेळा टिपताना त्याच्या नोंदी साहेबांपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडायच्या. माणसागणिक असा फरक असतोच, हे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने पुढे १८२०च्या सुमारास दाखवलं. तोवर त्या बिचाऱ्याची नोकरी गेली होती.

आईने काल पट्टी पुन्हा मागितली. चष्मा लावून. २३.