दातातल्या रेषा मोजायला कुणी प्राणी मारत नाही

परवा भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, खाली "मावशी, हे खरंय का गं?" ती बायोलॉजी शिकतेय, पुढे वन्यजीवांवरच काम करायचं हे तिचं कधीपासूनचं ठरलेलं, आणि आता म्हणते असलं क्रूर काम मला नाही जमायचं. म्हणून लिहितेय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लांडगा, कोल्हा, अस्वल यांचं वय दातातल्या रेषांवरून काढणं थोतांड आहे, त्यासाठी धडधाकट प्राणी मारतात नाहीतर सुळा उपटतात, रेषा फक्त थंडीत झोपून राहणाऱ्या प्राण्यांनाच येतात, आणि दात किती पिवळा, किती झिजलाय हे बघितलं की वय कळतंच.

सगळ्यात आधी सुळ्याचं, कारण पोरगी घाबरली ती यालाच. जिवंत अस्वलाचा सुळा कुणी काढत नाही हो! माग काढायची रेडिओ कॉलर गळ्यात लावायला त्याला भूल दिलेली असते, तेव्हाच सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात. ती एवढीशी खुंटी असते, चावायला तिचा जवळजवळ काही उपयोग नाही, कित्येक अस्वलांची तर ती आपोआपच पडून गेलेली असते. बाकीचे दात येतात ते गाडीखाली किंवा आजाराने मेलेल्या प्राण्यांचे, आणि जिथे शिकारीला परवानगी आहे तिथे शिकाऱ्यांकडून गोळा केलेले. वय काढायचंय म्हणून शिकार होत नाही. फक्त दात मुळासकट हवा, कारण रेषा मुळावरच्या सिमेंटममध्ये, म्हणजे मुळाला वेढणाऱ्या हाडासारख्या थरात, असतात. तो आम्लात ठेवून मऊ करतात, अगदी पातळ काप काढतात, रंगवतात, मग मायक्रोस्कोपखाली दिसतं: वाढीच्या दिवसांतला रुंद फिका पट्टा, त्याच्या शेजारी वाढ मंदावली तेव्हाची बारीक गडद रेष, पुन्हा फिका पट्टा. पट्टा आणि रेष मिळून साधारण एक वर्ष, म्हणून रेषा मोजल्या की वय कळतं.

थंडीत झोपण्याचं म्हणाल तर लांडगा आणि कोल्हा कुठे झोपतात? त्यांनाही रेषा येतात. सीलसुद्धा मांसाहारी गणातलेच, त्यांच्या दातांवरचे वाढीचे थर शेफर या जीवशास्त्रज्ञांनी 1950 सालीच दाखवले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कडक हिवाळा नसलेल्या भागात रेषा पुसट येतात, कधी एकीच्या दोन दिसतात, म्हाताऱ्या प्राण्यात त्या इतक्या दाटतात की मोजणी कमी भरते. पहिली रेष कितव्या वर्षी येते तेही प्रजातीगणिक वेगळं. म्हणून तर अमेरिकेत मॉन्टानातली मॅटसन लॅब, जी दातांवरून वय काढून देते, प्रत्येक वयासोबत खात्रीची ए, बी, सी अशी श्रेणी देते. थोतांड करणारे स्वतःहून असं सांगतील का?

आणि पिवळेपणा, झीज? हाडं फोडून खाणाऱ्याचे दात लवकर झिजतात, पिंजऱ्याचे गज चावणाऱ्याचे त्याहून लवकर. त्यावरून पिल्लू, तरुण, म्हातारा एवढं ढोबळ कळेल, पण सहा वर्षांचा की नऊ हे नाही कळणार.

भाचीला मी कॉय आणि गार्शेलिस या अस्वलांच्या अभ्यासकांचा 1992 चा पेपर वाचायला सांगितलाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ज्या काळ्या अस्वल माद्यांना कधी पिल्लं झाली हे रेडिओ कॉलरमुळे आधीच माहीत होतं, त्यांचे दात यांनी तपासले. ज्या वर्षी मादीने पिल्लं वाढवली, त्या वर्षीचा थर अरुंद. म्हणजे त्या एवढ्याशा खुंटीत नुसतं वयच नाही, मादी आई कुठल्या वर्षी झाली तेही वाचता येतं.