भरावात गेलेले वीर

गावाकडून मंदिराच्या जीर्णोद्धाराचे फोटो आले. ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचे कठडे, सगळं झकपक. मी चुलतभावाला फोनवर विचारलं, "दादा, पाराला टेकलेले ते तीन दगड कुठं गेले?"

"ते होय? भरावात गेले असतील."

ते वीरगळ होते, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड. खाली झुंज, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपिंडीची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. लहानपणी आम्ही त्यांच्यावर चिंचोके फोडायचो, तेव्हा फार शहाणपण मीही शिकवू नये.

2025 च्या जुलैत रायगड, राजगड, साल्हेरसह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा इथं इंग्लंडात, नॉरफोकमध्येही आम्ही पेढे वाटले. घरच्या ग्रुपवर मात्र तेव्हापासून श्रेय कुणाचं यावरच भांडण. पाराजवळच्या दगडांना कोण विचारतो?

इथला माझा शेजारी निवृत्त प्लंबर. रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळतो. गंजकं बक्कल सापडलं तरी जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवतो. फोटो, माप, वजन, नेमकी जागा लिहून घेतात आणि बक्कल बहुधा त्याचं त्याला परत. 1997 पासून अशा 15 लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. जुना सोन्याचांदीचा ऐवज निघाला तर 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्यालाच! संग्रहालयाने तो घेतला तर मोबदला शोधणारा आणि शेतमालक सहसा वाटून घेतात.

कायदा आपल्याकडेही आहे, 1878 चा. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा. पण नांगराला हंडा लागला की माणूस आधी तोंड मिटतो. जमीन अडकेल, चौकशी मागे लागेल. भीती अगदीच खोटी नाही.

इंग्रजांचं फार कौतुक करायला गेलो की आंध्रातल्या अमरावतीहून नेलेली, ब्रिटिश म्युझियममधली शिल्पं आठवतात. रात्री चोरून शेतं उकरणारे इथंही आहेत. शिवाय इथला नोंदलेला दगड कुंपणात एकटाच उभा असतो. आपल्या वीरगळाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो. कित्येक त्या शेंदरामुळेच टिकले, जरी कोरीव काम त्याखाली बुजलं तरी.

माझं मागणं छोटं आहे. जीर्णोद्धाराचा ठराव झाला की त्याच दिवशी प्रत्येक दगडाचे दोन फोटो, टेपने माप, मोबाइलवरचं लोकेशन आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक पान. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे, म्हणून त्या काळचं आरमार आज डोळ्यांना दिसतं. आमच्या दगडांवर खालच्या चौकटीत गाई होत्या, म्हणजे तो वीर गोधन राखताना पडला, असं मी म्हणतो. दादा म्हणतो, घोडे होते.