‘रोज एक लेख, महिना पन्नास हजार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज तुमच्याकडे अजून आला नसेल तर नशीबवान आहात. फॅमिली ग्रुपपासून बचत गटाच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय, दर वेळी इमोजी बदलतात, मजकूर तोच. थोडक्यात असा: मराठीत रोज एक लेख लिहा, एक तास पुरे, महिन्याला ५० हजार. भांडवल शून्य. आठ कोटी मराठी वाचक आहेत आणि स्पर्धा नाही. पैसे खुद्द गुगल देतं. लिहिता येत नसेल तर एआयकडून लिहून घ्या नाहीतर इंग्रजी लेखांचं भाषांतर करा. एकदा टाकलेला लेख आयुष्यभर पैसे देत राहतो. आणि तळाला, नोंदणी ९९९ रुपये, आजच्या आज.

मी मराठीत लिहून पैसे कमावते. घर त्यावर चालतं असं नाही, पण दर महिन्याला खात्यात काही ना काही येतं, त्यामुळे ऑनलाइन लिहून पैसे मिळतच नाहीत असं काही मी म्हणणार नाहीये. मिळतात की. फक्त ते ज्या माणसांकडून मिळतात त्यांचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि ज्यांच्याकडून मिळतील असं सांगितलंय त्यांच्याकडून नवख्याला चहापुरतेही सुटत नाहीत.

आधी ते भांडवल शून्य बघू, कारण तिथेच ९९९ बसलेत. लिहिण्याचं काम देणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही, एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी निम्मे मेसेज डिलीट करता येतात. नोंदणी फी, ट्रेनिंग किट, आयडी कार्डाचं डिपॉझिट, नाव काहीही असो. यातला अजून एक वाईट प्रकार म्हणजे टायपिंगचं काम, ज्यात आधी ‘अ‍ॅग्रीमेंट’वर सही घेतात, मग पानं पाठवतात, मग तुमच्या कामात चुका फार आहेत म्हणून करार मोडला असं म्हणत कुठल्यातरी वकिलाच्या नावाने नोटीस येते आणि दंड मागतात. कॉलेजची पोरं आणि घरी असलेल्या बायका घाबरून भरतातही. भरू नका. असे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

आता एक तास आणि ५० हजार. महिन्याला ३० लेख धरले तर एका लेखाला १,६६६ रुपये झाले, ५०० शब्दांचा लेख धरला तर शब्दाला सव्वातीन रुपयांच्या वर. मराठी वेबसाइटसाठी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, हा आकडा ऐकून हसेल. नवख्याला शब्दामागे पैशांत भाव सांगतात, रुपयांत नाही. समजा ३० पैसे मिळाले तर तोच लेख १५० रुपयांचा, महिनाभर रोज लिहून ४,५०० रुपये, तेही सगळे लेख पास झाले आणि सगळे पैसे वेळेवर आले तर. आणि एक तासाचं म्हणाल तर टायपिंगचाच होतो तो, फोनवर बोलून टाइप केलं तरी नंतर ‘की’ आणि ‘कि’ बघत बसावं लागतंच. माहिती काढणं, कुणालातरी फोन करून खात्री करणं, आकडे तपासणं, मथळा तीनदा बदलणं, हे सगळं त्या एका तासात कधी करायचं ते मेसेजवाल्यालाच माहीत.

गुगल पैसे देतं या वाक्यावर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, आणि फसतात म्हणजे कुणी लुबाडतं असंही नाही, अर्धवट माहितीवर वर्ष वाया जातं. गुगल तुमच्या लेखाला एक पैसाही देत नाही. अ‍ॅडसेन्स नावाचा त्यांचा जाहिरातींचा कार्यक्रम आहे, २००३ पासून आहे, तो तुमच्या पानावर जाहिराती लावतो, आणि जाहिरातदार जे पैसे मोजतो त्यातला साधारण ६८ टक्के वाटा साइटवाल्याला येतो. म्हणजे पैसे जाहिरातदाराचे, आणि तो कुणाच्या पानावर किती मोजणार हे लिलावात ठरतं. इंग्रजीत कर्ज, विमा, सॉफ्टवेअर यावर लिहिलेल्या पानासाठी बोली लावणारे भरपूर, आपल्या ‘श्रावणातले उपवासाचे पदार्थ’ या लेखासाठी किती असतील तुम्हीच सांगा.

बरं, साइट टाकली की जाहिरात सुरू असंही नाही. आधी अर्ज, मग तपासणी, आणि नवीन साइट ‘लो व्हॅल्यू कंटेंट’, म्हणजे मजकुरात दम नाही, म्हणून परत येणं हे इतकं नेहमीचं आहे की त्यावरच यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. पास झालात तर खात्यात १० डॉलर जमले की गुगल तुमच्या पत्त्यावर टपालाने पिन, म्हणजे पत्ता पडताळायचा नंबर, पाठवतं. हो, खरंखुरं टपाल, पोस्टमन आणतो ते. आमच्या इमारतीत पत्रपेट्यांची जी अवस्था आहे ती बघता हा टप्पा पार करणं हीच एक कमाई आहे. तो पिन चार महिन्यांत भरला नाही तर पानावरच्या जाहिराती बंद होतात. आणि १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय बँकेत काहीच येत नाही, पूर्ण झाले तर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. तोपर्यंत स्क्रीनवर ४ डॉलर, ६ डॉलर बघत बसायचं.

हिशोब करायचाय? धरून चाला की हजार वेळा पान उघडलं तर ४० रुपये सुटतात. मग ५० हजारांसाठी महिन्याला साडेबारा लाख वेळा तुमची पानं उघडली गेली पाहिजेत, रोजची ४० हजारांच्या वर. ४० कमी वाटत असतील तर ८० धरा, तरी रोजचे २० हजार. एवढी गर्दी एकट्याच्या साइटवर आणणारे लोक आहेत, नाही असं नाही, पण ते रोज एक तास लिहून नाही आणत. आणि हो, ‘तू माझ्या जाहिरातीवर क्लिक कर, मी तुझ्या करतो’ असे जे ग्रुप असतात त्यांच्या नादी लागू नका, गुगलला ते कळतं आणि खातं बंद होतं, साठलेले पैसेही हातात येत नाहीत.

मेसेजमधल्या ‘भांडवल शून्य’मधली एक गोष्ट मात्र खरी, गुगलच्या ब्लॉगर या ब्लॉगच्या सेवेवर साइट फुकटात होते आणि तिथेच अ‍ॅडसेन्ससाठी अर्जही करता येतो. वर्डप्रेस डॉट कॉम या तशाच दुसऱ्या सेवेच्या फुकट प्लॅनवर अ‍ॅडसेन्स लावता येत नाही, तिथे ते स्वतःच्या जाहिराती दाखवतात, हे लोकांना सहा महिने लिहून झाल्यावर कळतं.

आठ कोटी वाचक. आकडा बरोबर आहे, २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा नंबर. पण त्यात पाळण्यातली बाळंही आली आणि माझी आजीही आली जी पंचांग सोडून काही वाचत नाही. शिवाय मराठी माणूस फोनवर आधी व्हिडिओ बघतो. आणि स्पर्धा नाही? लोकसत्ता, सकाळ, लोकमत, मटा सगळ्यांच्या वेबसाइटी आहेत, त्यांच्याकडे माणसं आहेत, बारावीचा निकाल लागला की दहा मिनिटांत त्यांच्या दहा बातम्या पडलेल्या असतात. २०२४ ला लाडकी बहीण योजना आली तेव्हा गावोगावच्या पोरांनी साइटी काढल्या, सगळ्यांचा लेख एकच, हप्ता कधी येणार. काहींना त्या लाटेत थोडेफार मिळालेही असतील, पण हप्ता जमा झाला की तो लेख संपला. आयुष्यभर पैसे देणाऱ्या लेखाचं उत्तरही इथेच देऊन टाकते, योजनेचा नियम बदलतो, तारीख बदलते, पान जुनं होतं, सर्चमध्ये खाली जातं. वर्षानुवर्षं वाचले जाणारे लेख असतात पण त्यांनाही मधूनमधून बसून दुरुस्त करावं लागतं. आता तर गुगलवर प्रश्न टाकला की बऱ्याचदा वरच एआयने तयार केलेलं उत्तर येतं, भारतात हे ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीपासून सुरू झालं, म्हणजे वाचक तुमच्या पानापर्यंत यायच्या आधीच त्याचं काम झालेलं असतं.

एआयकडून लिहून घ्या. घ्या की. मग ग्राहक तुम्हाला कशाला पैसे देईल, ते बटण त्याच्याकडेही आहे. आणि स्वतःच्या साइटवर ढिगाने टाकायचे म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये गुगलने स्पॅमचे नियम कडक केले, फक्त सर्चमध्ये वर यावं म्हणून घाऊक प्रमाणात बनवलेली पानं, मग ती माणसाने बनवलेली असोत की मशीनने, थेट बाहेर.

भाषांतराचं तर विचारूच नका. ‘आपण आपल्या शब्दांत मराठी केलं तर कॉपीराइट लागत नाही’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ लेखकाच्याच हक्कांत धरलाय, परवानगी लागते. माहिती कुणाच्या मालकीची नसते, पाच ठिकाणी वाचून स्वतःचा लेख लिहा, खुशाल लिहा. एकाच इंग्रजी लेखाचा परिच्छेदागणिक मराठी अवतार काढायचा नाही.

मग पैसे येतात कुठून? ज्याला मराठी मजकुराची गरज आहे आणि स्वतःला लिहिता येत नाही त्याच्या खिशातून. दातांचे डॉक्टर, कोचिंग क्लास, कृषी पर्यटन केंद्र, खतं-औषधं विकणाऱ्या कंपन्या, पतसंस्थेचा अहवाल, संस्थांचे प्रकल्प, यूट्यूब चॅनेलच्या स्क्रिप्ट, अ‍ॅपचं मराठीकरण. बँकांना फॉर्म आणि पाट्या हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्याव्या लागतात, ते मराठी किती भयंकर असतं ते आपण रोज वाचतो, म्हणजे काम आहेच. यातलं बरंचसं काम तुमच्या नावाने छापलं जात नाही, ‘माझा लेख’ म्हणून कुणाला लिंक पाठवता येत नाही, ज्यांना नाव हवंय त्यांना हे जड जातं.

सुरुवात करायची तर ‘मी कशावरही लिहिते’ असं सांगत फिरू नका, तुम्हाला ज्यातलं आतून माहितीये ते धरा. ओळखीतला एक मुलगा निफाडकडे कृषी सेवा केंद्रात बसायचा, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये का, गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये का, डाऊनी आणि भुरी हे रोग पानावर कसे वेगळे ओळखायचे, हे त्याला झोपेतही सांगता येतं. त्याने यावर चार छोटे लेख शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत लिहिले, मोफत ब्लॉगवर ठेवले, आणि ती लिंक घेऊन औषध कंपन्यांच्या लोकांना भेटला. त्या चार लेखांना जाहिरातीचे शून्य रुपये मिळाले, काम मात्र मिळालं, कारण ‘द्राक्षवेलीची नियमित काळजी घ्यावी’ असलं गुळगुळीत लिहिणारे त्या लोकांना ढिगाने भेटले होते. तुम्ही नर्स असाल, एलआयसी एजंट असाल, शाळेत गणित शिकवत असाल, तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच.

नमुना म्हणून पाच लेख फुकट मागणारे भेटतील. वीस जणांकडून पाच-पाच घेतले की शंभर लेख झाले आणि काम कुणालाच नाही, हे माझ्याबरोबर झालंय आणि ते लेख नंतर छापलेलेही दिसले. आधी लिहिलेलं दाखवा, नवीन हवं असेल तर एक छोटं, तेही पैसे घेऊन. काम ठरलं की फोनवर न ठेवता मेलवर लिहून घ्या: किती शब्द, कधी द्यायचं, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, निम्मे आधी. हक्कांचंही लिहा. नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्ही असता, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ग्राहकाला कायमचे हवे असतील तर त्याने तसं म्हणावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत, निदान मागून तरी बघा.

बिल साधंच असतं, तारीख, नंबर, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन, बँकेचे डिटेल्स. मोठी कंपनी टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून पैसे देईल, बऱ्याचदा १० टक्के, पहिल्यांदा बघून वाटतं की फसवलं, पण ते तुमच्या पॅनवर जमा झालेलं असतं, उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतं. वर्षाला २० लाखांपर्यंत सेवांसाठी जीएसटी नोंदणीही लागत नाही, त्यामुळे ‘जीएसटी नंबर नाही तर पेमेंट अडकेल’ म्हणणाऱ्या अकाउंटंटला शांतपणे तसं कळवा आणि मेलमध्ये बिल परत जोडा.