'फिशआयनं काढा, नंतर सरळ करा' म्हणणाऱ्यांना

इमारतींचे फोटो काढायला लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "महागडी अल्ट्रावाइड कशाला? फिशआय घे. १८० अंश मावतात, वाकड्या रेषा सॉफ्टवेअर सरळ करतं. तसंही अल्ट्रावाइडमध्ये इमारती मागे कललेल्याच दिसतात." (अल्ट्रावाइड म्हणजे खूप रुंद दृश्य सरळ रेषा सरळच ठेवून टिपणारी लेन्स. फिशआय त्याहूनही रुंद टिपते, पण रेषा वाकवते.) सल्ला इतका फिरलाय की आता कुणी तपासतही नाही.

आधी ते १८० अंश. सरळ रेष सरळच ठेवायची तर मध्यापासून बाहेर जाताना चित्र ताणत न्यावं लागतं, आणि ९० अंशांवर हा ताण अनंत होतो. त्यामुळे १८० अंश सरळ रेषांसकट सपाट चित्रात बसूच शकत नाहीत, सॉफ्टवेअर कुठलंही आणा. कडा कापाव्याच लागतात. उरतं त्याचीही गत बघा. नेहमीच्या फिशआयमध्ये मध्यापासून ६० अंशांवरचा भाग सरळ करताना बाहेरच्या दिशेनं जवळजवळ चौपट ताणला जातो. तिथे खिडकीची जाळी असेल तर तिचा लगदा होतो. मी एका वाचनालयाचं काम असंच उरकलं होतं. स्क्रीनवर छान दिसलं. मोठं छापल्यावर मधल्या कपाटांतल्या पुस्तकांची नावं वाचता येत होती, आणि कडेची कपाटं ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. अल्ट्रावाइडही कडा ताणते, पण काचेतच, सेन्सरवर पोचण्याआधी. त्या ताणलेल्या भागाला टिपायला पुरेसे पिक्सेल असतात.

मात्र अल्ट्रावाइडवाल्यांनीही फार मिजास करू नये. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १४ मिमीची लेन्स लावा (मिमीचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद) आणि गोल दिवा फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला येऊ द्या: तो उंचीच्या सुमारे १.६ पट रुंद दिसतो. चक्क अंडं. कडेचे गोल खांबही असेच फुगतात. हा लेन्समधला दोष नाही, रेषा सरळ ठेवण्याची किंमत आहे. गंमत म्हणजे तोच दिवा फिशआय बराचसा गोल ठेवते.

आता कललेल्या इमारती. त्या लेन्स पाडत नाही, आपण कॅमेरा वर उचलतो म्हणून पडतात. कॅमेरा लेव्हलला ठेवा, १४ मिमीतही उभ्या रेषा समांतर राहतात. अडचण एवढीच की खालची अर्धी फ्रेम रिकाम्या जमिनीनं भरते. ती क्रॉप करा, नाहीतर शिफ्ट लेन्स वापरा. तिच्यात कॅमेरा न उचलता लेन्सच वर सरकते. निकॉननं एसएलआर कॅमेऱ्यांसाठी अशी ३५ मिमीची लेन्स १९६०च्या दशकातच आणली, आणि कॅननची १७ मिमी २००९ ची. महाग आहेत, हे खरं.

'जितकं वाइड तितकं चांगलं' हे तर सरळ चूक. छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकून १२ मिमीनं काढलं की जवळची खुर्ची भलीमोठी आणि समोरची भिंत मैलभर लांब. फोटो पाहून आलेला माणूस दारातच थबकतो. दोन पावलं मागे जायला जागा असेल तर २४ मिमी बहुतेक वेळा पुरते.

मग फिशआय अडगळीत टाकायची? मुळीच नाही. पाण्याखालून माशाला वरचं जग कसं दिसत असेल या विचारातून भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये हे नाव वापरलं, आणि १९२४ मध्ये ब्रिटिश वैज्ञानिक रॉबिन हिल यांनी अशी लेन्स बनवली ती अख्ख्या आकाशातले ढग टिपायला. तिचं काम वर बघण्याचं. घुमटाखाली कॅमेरा सरळ वर रोखा: फासळ्या मध्यातून निघतात म्हणून सरळच राहतात, वर्तुळं वर्तुळंच दिसतात. फक्त ट्रायपॉड घुमटाच्या बरोबर मध्याखाली हवा. वीतभर सरकला तरी वर्तुळं एका बाजूला झुकल्यासारखी दिसतात. मी समोरासमोरच्या खांबांमध्ये दोन दोऱ्या ताणतो आणि त्या जिथे छेदतात तिथे ट्रायपॉड लावतो. दोऱ्या काढायला विसरू नका, लोक अडखळतात.