कंबर माझी, मालकी गावाची

नागपूरच्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके दाबून पाठ सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, माझी पाठ महिन्यातून जेमतेम पाव तास असते. उरलेला महिना ती गावात असते, आणि गाव तिचं काय करतं हे डॉक्टरांना सांगून पटत नाही. त्यांच्या टेबलावर सरळ झालेला माणूस फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावरच निम्मा वाकडा होतो, तेही बसच्या मागच्या सीटवर.

नियम तसे साधे आहेत. पहिला, उठल्याउठल्या वाकायचं नाही. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या चकत्या पाणी ओढून फुगतात. सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंचही भरतो म्हणे. अशा फुगल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. मला पटलं, पण गाईला कोण पटवणार? तिला दूध द्यायचं ते पहाटेच, आणि काढणाऱ्यानं उकिडवं बसायचं ते गुडघ्यात बादली धरूनच. सध्या मी गोठ्याच्या खांबाला टेकून उभा असतो आणि बायको धार काढते. गाय मान वळवून माझ्याकडे बघते. त्या बघण्यात आदर नसतो.

दुसरा नियम झोपण्याचा. गादी फार टणक नको, फार मऊ नको. माझ्याकडे वडलांच्या वेळची सुतळीची बाज आहे. तिला मधोमध असा झोळ पडलाय की डोकं आणि पाय वर, कंबर पार खाली. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर जोर देऊन बसा, असं डॉक्टरांनी करून दाखवलं होतं. मी कुशीवर वळतो, झोळ मला परत मध्ये आणून टाकतो. पुन्हा वळतो, पुन्हा तेच. यावर उपाय एकच, अदवान आवळणे. त्यासाठी बाजेला पाय लावून, वाकून, दोरी झटक्यानं ओढावी लागते. म्हणजे डॉक्टरांनी जे जे करू नका म्हटलं ते सगळं एकदम.

व्यायामाचं तर विचारूच नका. अंगणात सतरंजी टाकून हातागुडघ्यांवर उभं राहायचं आणि पाठ हळूहळू वर-खाली करायची. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय हरपलं गा भाऊ? बॅटरी आनू काय?"

पण गावात खरी सत्ता पायाळू आजीची. पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाय लावला की उसण उतरते, हा आमच्याकडचा जुना विश्वास. मी दुसरीकडे जातो म्हटल्यावर आजी खवळली. "असं काय करते तो डाक्टर?" मी समजावून सांगितलं : 1895 साली अमेरिकेत डॅव्हेनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी हार्वे लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. तिथून ही विद्या निघाली.

"पाठ दाबली अन् कान उघडले?" आजी म्हणाली. "मंग मी पाय लावतो तं हासता कायले?"

मी विषय बदलला. डॉक्टरांनी पाठ दाबली की कडकड वाजतं ते हाड बसल्यामुळे नव्हे, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा तो आवाज, असं सांगून बसलो. आजीनं डोळे बारीक केले. "बुडबुड्याचे येवढे पैसे देतं तू, बापू?"

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी हसण्यावारी नेऊ दिली नाही. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर आपल्याकडेही यायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. आजीकडेही नाही, हे मी माझ्यापुरतं जोडून घेतलंय.

सगळ्यांत निभतो तो चालण्याचा नियम. पडून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. रब्बीत वीज रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला धुऱ्याधुऱ्यानं इतकं चालणं होतं की वेगळा व्यायाम कशाला? फवारणीचा पंप मात्र सुटला. 16 लिटरची टाकी, म्हणजे 16 किलो पाणीच, वर पंपाचं वजन. सालदार आता तो माझ्याकडे बघत बघत पाठीवर चढवतो, अगदी सावकाश, मला दिसेल असा.

कापूस फुटलाय. बायको सकाळपासून कमरेला ओटी बांधून वाकते ती उन्हं कलेपर्यंत. माझ्या कमरेची चौकशी पानठेल्यापासून देवळापर्यंत होते. वेचणाऱ्या बायांच्या कमरा कोणी विचारत नाही, मीसुद्धा डॉक्टरांनी विचारेपर्यंत विचारलं नव्हतं. परवा म्हटलं, पुढच्या खेपेला तूच चल, तुझीच पाठ दाखवू.

ओटी रिकामी करत ती म्हणाली, "वेचनी सरू द्या, मंग पाहू. अन् तवरिक तुमी काही उचलू नका. मंग तुमाले मलेच उचला लागते."