मशीनला लोन मिळतंय, मिरचीला कोण देणार?

धंद्याला लोनच मिळत नाही असं जो तो म्हणतोय, मला ते अर्धंच पटतं. मशीनला मिळतं हो. कोटेशन जोडा, प्रोजेक्ट रिपोर्ट जोडा, उद्यम नोंदणी काढा, सिबिल स्कोअर बरा असला तर आज ना उद्या कुठली तरी बँक मशीनचे पैसे डायरेक्ट डीलरच्या खात्यावर टाकते. पण मशीन आल्यावर त्यात घालायला माल लागतो, कामाला येणाऱ्या बायकांना आठवड्याचा पगार लागतो, आणि दुकानदार दोन-दोन महिने उधारी ठेवतो त्याचं काय? हे ना योजनेच्या बॅनरवर असतं ना मेळाव्यातल्या भाषणात. धंदे बसतात ते मात्र इथंच.

मी कोल्हापूर जिल्ह्यात एका टॅक्स कन्सल्टंटकडं काम करतो, त्यामुळं लोनच्या फायली रोज हाताखालून जातात. पण घरचंच उदाहरण सांगतो. आमच्या वहिनीचं मिरची कांडप आहे. आधी उन्हाळ्यात लोक मिरची आणून कुटून न्यायचे तेवढंच, मग स्वतःचा कांदा-लसूण मसाला करून पाकिटं दुकानात ठेवायला लागली, चालला मसाला, म्हणून मोठं मशीन आणि पॅकिंगचं मशीन घ्यायचं ठरलं. अन्नप्रक्रियेची पीएमएफएमई योजना आहे, २०२० पासूनची, ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आणि ती कर्जाला जोडून असते म्हणजे बँकेनं मंजूर केलं तरच. मंजूर झालं. मशीन आलं, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि पुढं लगेच मिरचीचा सीझन.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मसाल्याच्या धंद्यात मिरची वर्षभर थोडी थोडी घेऊन चालत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल नवीन माल येतो, तेव्हाच ब्याडगी, गुंटूर, लवंगी जी काय लागते ती वर्षाची भरून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात मागेल त्या भावानं घ्या आणि रंग पण तसा येत नाही. म्हणजे तीन महिन्यांत सगळा पैसा आत आणि बाहेर यायला वर्ष. वहिनी बँकेत गेली तर साहेब म्हणाले, अहो आत्ताच तर लोन दिलंय, परत कशाला? घरी येऊन मला म्हणाली, "भावजी, मशीन दिलंय त्यांनी, आता त्यात काय हवा कुटू?"

फाईल काढून बघितली. रिपोर्ट दुसऱ्या एकानं करून दिलेला, आणि त्यात कच्चा माल किती, तर एक महिन्याचा. बेकरीच्या रिपोर्टला पण एक महिना, पापडाला पण एक महिना, मिरचीला पण एक महिना, नुसतं नाव बदलून प्रिंट मारायची. बँकेनं तेवढंच बघितलं आणि तेवढंच दिलं, त्यांना तरी काय बोलणार. शेवटी वहिनीनं सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि मिरची भरली. याला लोक लगेच "अरेरे" करतात, मला त्यात वाईट काही वाटत नाही. सीझनपुरतं सोनं ठेवणं, माल विकेल तसं सोडवणं, हा हिशोब बरोबर बसतो. सोनं ठेवून मशीन घेणं हे चुकीचं, कारण मशीन पैसे परत द्यायला पाच वर्षं घेतंय आणि गोल्ड लोन बहुतेक वेळा वर्षात भरायचं असतं.

पण मुळात त्यासाठी सीसी असते ना! कॅश क्रेडिट. लिमिट मंजूर करून घ्यायचं, लागेल तेवढं उचलायचं, वापरलं तेवढ्यावरच व्याज, माल विकला की परत भरायचं. लिमिट किती, तर नायक समितीच्या (छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं नेमलेली) वेळेपासून साधा हिशोब आहे, वर्षाच्या अंदाजे उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरायचं, त्यातले २० टक्के बँकेनं द्यायचे आणि ५ टक्के आपले. म्हणजे उलाढाल २५ लाख धरली तर बँकेचे ५ लाख आणि आपले सव्वा लाख. आणि हे कमीत कमी आहे, सीझनचा धंदा असेल तर जास्त मागता येतं, फक्त कागदावर पटवून द्यावं लागतं. मुद्रामध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्जयोजनेत, पण खेळतं भांडवल बसतं, हे कितीतरी जणांना माहीतच नाही. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं लोन नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या (एप्रिल २०२६ पासून २० लाखांपर्यंतच्या) कर्जाला तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे, तरी "घराचा उतारा आणा" म्हणणारे भेटतातच, तेव्हा शांतपणे म्हणायचं, साहेब हे लेखी द्या. बहुतेक वेळा तिथंच विषय मिटतो.

आता बँकेची बाजू पण सांगतो, शिव्या घाला हवं तर. वहिनीच्या दुकानातला क्यूआर पोराच्या सेव्हिंग खात्याला जोडलेला होता! सगळी विक्री कॉलेजच्या पोराच्या खात्यावर, आणि मॅनेजर वहिनीच्या करंट खात्याचं स्टेटमेंट बघतोय तर त्यात काहीच नाही. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच असतं. रिटर्न भरताना इन्कम कमीत कमी दाखवा, आणि लोनच्या वेळी म्हणणार धंदा लय मोठा आहे. बँकेनं कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा मग? जीएसटीला घाबरतात हे कळतं मला, पण नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही (काही अपवाद आहेत, ते आपल्या सीएला विचारा).

पतसंस्थेचं वेगळं. तिथला पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, रोज गल्ल्यावर येतो, त्याला दुकानाची नाडी बँकेपेक्षा जास्त कळते, पैसे लवकर मिळतात. पण व्याज विचारताना एकच प्रश्न विचारायचा, फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, का घटत्या शिलकीवर? लाखाला १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे ३६ हजार व्याज. ऐकायला १२, पण घटत्या शिलकीवर मोजलं तर एकवीसच्या पुढं जातंय. आणि दोन जामीनदार लागतात, त्यात आपणही कुणाचे तरी जामीनदार होतो, त्यानं थकवलं की वसुली आपल्याकडं. भिशीबद्दल लिहीत नाही, कोल्हापुरात भिशीविरुद्ध बोलून राहायचं कुठं.

सबसिडीचं वेड मात्र मला खरंच खटकतं. पीएमईजीपीत, म्हणजे नवा धंदा काढणाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, ग्रामीण भागात ओपनला २५ आणि महिला, मागासवर्गीय वगैरेंना ३५ टक्के, बरोबर आहे, पण ते पैसे हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकवतात, धंदा चालू आहे का बघून मग कर्जात वळते होतात. लोक ते पैसे आधीच खर्चात धरतात, काहीजण तर एजंटला त्यातली टक्केवारी पण कबूल करून बसतात. उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, मुद्राला एजंट नेमलेले नाहीत, तरी त्यासाठी पैसे घेणारे स्टँडवर बोर्ड लावून बसलेत.

वहिनीचं आता सीसीचं चाललंय. क्यूआर करंट खात्याला जोडला, दुकानदारांची उधारी वहीतून काढून नीट बिलात आणली, रिपोर्टमध्ये मिरचीचा साठा महिन्याचा नाही तर आठ महिन्यांचा दाखवला आणि शेजारी मागच्या वर्षीची आडतीची बिलं लावली. मंजूर झालं तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशोब, द्यावं लागेल, ते ती स्वतः लिहिणार म्हणतीये, माझ्यावर भरोसा नाही तिचा.

कुणाला असंच सीझनचं काम असेल, मसाला, लोणचं, काजू, गूळ, काहीही, तर अर्ज दिवाळीच्या आधी टाका. मार्चमध्ये सगळ्या शाखा क्लोजिंगच्या गडबडीत असतात, तुमच्या फायलीला कोण हात लावत नाही, आणि तोवर आडतीवरची चांगली मिरची दुसऱ्यानं उचललेली असते.